रामचंद्रपंत अमात्य

रामचंद्र नीलकंठ बावडेकर ऊर्फ रामचंद्रपंत अमात्य (जन्म : इ.स. १६५० च्या सुमारास. मृत्यू : इ.स. १७१६, पन्हाळा) हे मराठा राज्याचे अमात्य, राजाराम महाराजांच्या काळातील हुकूमतपनाह आणि आज्ञापत्र या राजनीतिविषयक मराठी ग्रंथाचे कर्ते होते. शिवाजी महाराज, संभाजी महाराज, राजाराम महाराज, ताराबाईंच्या कारभारातील दुसरे शिवाजी आणि कोल्हापूरच्या गादीवरील दुसरे संभाजी अशा पाच छत्रपतींच्या कारकिर्दी त्यांनी पाहिल्या. मोगलांविरुद्धच्या दीर्घ युद्धात राजा दक्षिणेत जिंजीला असताना महाराष्ट्रातील सैन्य, गड आणि त्यांची सामग्री टिकवून ठेवण्याची जबाबदारी प्रामुख्याने त्यांच्यावर होती. त्या अनुभवाचा ठसा आज्ञापत्रातील गडकोट, दारूखाना, तोफा आणि आरमार यांविषयीच्या नियमांवर दिसतो.

कुळ आणि सुरुवातीचा काळ

रामचंद्रपंतांचे घराणे देशस्थ ब्राह्मण होते. त्यांचे मूळ आडनाव बहुतकर असून ते कल्याण-भिवंडी परिसरातील होते. वडील नीलकंठ सोनदेव, म्हणजेच नीलो सोनदेव, हे शिवाजी महाराजांच्या कारभारात मुजुमदार होते. चुलते आबाजी सोनदेव यांचे नाव कल्याण प्रांताच्या मोहिमेशी जोडले जाते. घराण्याचा समर्थ रामदासांशी निकटचा संबंध होता, आणि रामचंद्र हे नाव समर्थांनीच ठेवले अशी परंपरागत समजूत आहे. पुढे गगनबावड्याच्या जहागिरीमुळे हे घराणे बावडेकर या नावाने ओळखले जाऊ लागले.

नीलोपंतांच्या पश्चात, इ.स. १६७२ च्या सुमारास, मुजुमदारीचे काम त्यांचे पुत्र नारायण आणि रामचंद्र यांच्याकडे आले. ६ जून १६७४ रोजी रायगडावर झालेल्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांना संस्कृत पदनामे देण्यात आली. मुजुमदार हे पद अमात्य झाले आणि ते रामचंद्रपंतांकडे राहिले. त्या वेळी ते पंचविशीच्या आतबाहेर होते.

अमात्यपद आणि राज्याचे कारखाने

अमात्याचे मुख्य काम राज्याच्या जमाखर्चाचा हिशेब तपासणे हे होते. या हिशेबात केवळ महसूल येत नसे. शिवकालीन राज्यव्यवस्थेत वस्तूंच्या साठ्यांची वेगवेगळी खाती असत व त्यांना कारखाने म्हणत. शस्त्रांचा शिलेखाना, तोफांचा तोफखाना, दारूगोळ्याचा दारूखाना आणि धान्याचा अंबारखाना ही त्यांपैकी युद्धाशी थेट संबंध असलेली खाती होती. प्रत्येक गडावर हवालदार, सरनोबत, सबनीस आणि कारखानीस असे अंमलदार नेमलेले असत. हवालदाराकडे गडाचा ताबा, सरनोबताकडे शिबंदी, सबनिसाकडे हजेरी व लेखन आणि कारखानिसाकडे साठ्यांची जबाबदारी असे. एकाच माणसाच्या हाती गड, माणसे आणि साठा येऊ नये हा या विभागणीचा हेतू होता.

सैन्याची शस्त्रे दोन मार्गांनी येत. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. गडांवरील पायदळात ढाल, तरवार, भाला आणि पट्टा वापरणारे मावळे असत, तसेच तोड्याची बंदूक चालवणारे कोकणातील हेटकरीही असत. शिवाजी महाराजांचे धोरण वेतन रोख देण्याचे, मोहिमेतील लूट सरकारजमा करण्याचे आणि सैनिकाला जमीन तोडून न देण्याचे होते. हे धोरण चालण्यासाठी खजिना भरलेला आणि हिशेब चोख असणे आवश्यक होते.

दारूगोळ्याच्या बाबतीत राज्य पूर्णपणे स्वयंपूर्ण नव्हते. दारूसाठी सोरा, गंधक आणि कोळसा लागतो. कोळसा कोठेही तयार करता येई, परंतु चांगला सोरा व गंधक व्यापाऱ्यांकडून घ्यावा लागे. गोळ्यांसाठी लागणारे शिसे मोठ्या प्रमाणावर युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून येई. मोठ्या तोफा ओतण्याचे तंत्रही त्या काळी युरोपीयांकडे अधिक प्रगत होते, म्हणून शिवाजी महाराजांनी फ्रेंचांकडून तोफा आणि शिसे विकत घेतले. याच युरोपीयांची तोफ शत्रूच्या बाजूनेही उभी राहू शकते, हे इ.स. १६६० मध्ये दिसले होते. सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा दिला असता राजापूरच्या इंग्रज वखारीतील लोक त्याच्या मदतीस आले होते. पुढील वर्षी महाराजांनी राजापूरच्या वखारीवर छापा घालून तेथील इंग्रजांना कैद केले.

संभाजी महाराजांच्या कारकिर्दीतही रामचंद्रपंत राज्यकारभारात होते. या काळात मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज अशा अनेक आघाड्यांवर एकाच वेळी युद्ध चालू होते. इ.स. १६८६ मध्ये विजापूर आणि इ.स. १६८७ मध्ये गोवळकोंडा जिंकल्यानंतर औरंगजेबाची सर्व शक्ती मराठ्यांकडे वळली.

हुकूमतपनाह

१ फेब्रुवारी १६८९ रोजी संभाजी महाराज संगमेश्वर येथे पकडले गेले. त्यांना पकडणारा मुकर्रबखान हा कोल्हापूर भागातूनच सह्याद्री ओलांडून गेला होता. ११ मार्च रोजी महाराजांची हत्या झाली. रायगडाला वेढा पडला आणि त्याच वर्षी तो मोगलांच्या हाती गेला. येसूबाई आणि बाल शाहू कैद झाले. एकोणीस वर्षांचे राजाराम महाराज रायगडावरून निसटून पन्हाळ्यास आले. तेथून सप्टेंबर १६८९ मध्ये निघून ते नोव्हेंबरमध्ये जिंजीस पोहोचले.

राजा शेकडो मैल दूर, राजधानी शत्रूच्या ताब्यात आणि खजिना गेलेला, अशा स्थितीत महाराष्ट्रातील कारभार रामचंद्रपंतांवर सोपवण्यात आला आणि त्यांना हुकूमतपनाह हा किताब देण्यात आला. जिंजीहून आज्ञा येण्यास लागणारा वेळ पाहता नेमणुका, इनामे, शिक्षा आणि लष्करी निर्णय यांबाबत त्यांना जवळजवळ राजाइतका अधिकार होता. विशाळगड हे त्यांचे मुख्य ठाणे होते. शंकराजी नारायण सचिव आणि परशुराम त्रिंबक (पुढील काळातील प्रतिनिधी) हे त्यांचे प्रमुख सहकारी होते. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव हे सेनानी महाराष्ट्र आणि कर्नाटक यांदरम्यान फिरत्या फौजा चालवीत.

या व्यवस्थेचे पहिले फळ लवकरच दिसले. मे १६९० मध्ये साताऱ्याजवळ मोगल सरदार रुस्तुमखान याचा पराभव करून त्याला कैद करण्यात आले. त्याच वर्षी प्रतापगड, राजगड, तोरणा इत्यादी गड परत मिळाले आणि इ.स. १६९२ मध्ये पन्हाळा घेण्यात आला.

सैन्याच्या सामग्रीचा प्रश्न

राजाराम महाराजांच्या काळात फौजेला शस्त्र, घोडा, दाणागोटा आणि वेतन कोठून द्यायचे हा सर्वांत बिकट प्रश्न होता. रोख वेतनाची जुनी पद्धत खजिन्याअभावी चालवणे अशक्य झाले होते. रामचंद्रपंतांच्या कारभारात या प्रश्नाला तीन उत्तरे आढळतात.

पहिले उत्तर गडांचे होते. उघड्या मैदानातील मुलूख मोगलांच्या घोडदळापुढे टिकत नसे. गडावर मात्र धान्य, दारू, बाण आणि तोफा साठवता येत, जखमींना विसावा मिळे आणि फिरत्या फौजेला पुन्हा सज्ज होता येई. त्यामुळे गड हे संरक्षणाचे ठिकाण असण्याबरोबरच सैन्याचे कोठारही होते. गड गेला की त्याच्या आसऱ्याने लढणाऱ्या तुकड्यांची शिधासामग्रीही जाई.

दुसरे उत्तर शत्रूच्या सामग्रीचे होते. औरंगजेबाच्या छावणीला धान्य, घोडे, तोफा आणि खजिना सतत दूरवरून आणावा लागे. मराठ्यांच्या फौजा या रसदीवर तुटून पडत. शत्रूची रसद तुटे आणि स्वतःची गरज भागे, असे दोन्ही हेतू त्यात साधत. इ.स. १६९५ मध्ये दोड्डेरी येथे संताजी घोरपडे यांनी कासीमखानाच्या फौजेला कोंडून तिचा खजिना, तोफा, घोडे आणि सामान हस्तगत केले. अशा लुटीतून मोगलांच्या शस्त्रांवरच मराठ्यांच्या तुकड्या उभ्या राहत.

तिसरे उत्तर वतन आणि सरंजामाचे होते. जो सरदार स्वतःच्या बळावर माणसे जमवील, त्यांना घोडे आणि हत्यारे देईल आणि मुलूख सोडवील, त्याला त्या मुलखातून उत्पन्न द्यावे, अशी पद्धत वाढली. औरंगजेबही देशमुखांना आणि सरदारांना वतनांची लालूच दाखवीत होता, त्यामुळे मराठा राज्यालाही तशीच आश्वासने द्यावी लागली. सरकारी शिलेखान्यावर भार न टाकता फौजा उभ्या राहिल्या, हा या पद्धतीचा लाभ होता. परंतु फौजेला शस्त्र आणि पोट देणारा हात राजाचा न राहता सरदाराचा झाला. सैनिकाची निष्ठाही त्या हाताकडे वळणार हे स्वाभाविक होते. या पद्धतीचे दूरगामी परिणाम पुढे मराठा राज्याच्या स्वरूपावर झाले.

गडांसाठीचे युद्ध

जानेवारी १६९८ मध्ये जिंजी पडली, परंतु त्यापूर्वीच राजाराम महाराज तेथून निसटले होते. ते विशाळगडास परत आले आणि पुढे सातारा ही राजधानी झाली. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर त्यांचे निधन झाले. ताराबाईंनी आपला अल्पवयीन पुत्र शिवाजी यास गादीवर बसवून युद्ध चालू ठेवले.

याच सुमारास औरंगजेबाने स्वतः एकेक गड घेण्याची मोहीम आरंभिली. साताऱ्याच्या वेढ्यात मोगलांनी तटाखाली सुरुंग लावले. एका सुरुंगाने तट ढासळला, तर दुसऱ्याचा स्फोट उलट दिशेने होऊन मोगलांचेच शेकडो सैनिक मारले गेले. एप्रिल १७०० मध्ये सातारा आणि इ.स. १७०१ मध्ये पन्हाळा मोगलांनी घेतला. इ.स. १७०२ मध्ये विशाळगड दीर्घ वेढ्यानंतर वाटाघाटी करून आणि द्रव्य घेऊन सोडण्यात आला. भर पावसाळ्यात विशाळगडाहून पन्हाळ्याकडे परतताना मोगल फौजेचे अतोनात हाल झाले. जनावरे, तोफांचे गाडे आणि सामान चिखलात आणि पुरात गेले. थोड्या अंतराच्या या प्रवासाला महिन्याहून अधिक काळ लागला.

मराठ्यांचे धोरण असे होते की गड शक्य तितका काळ लढवावा, पावसाळा गाठावा, साठा संपत आल्यावर योग्य मोबदला घेऊन तो सोडावा आणि शत्रूची मुख्य फौज दूर गेल्यावर परत घ्यावा. पन्हाळ्यासह अनेक गड याच रीतीने पुढील काही वर्षांत मराठ्यांकडे आले. या धोरणात साठ्याचे गणित निर्णायक होते. दारू कोरडी आणि धान्य पुरेसे असेल तर गड पावसाळ्यापर्यंत टिके, नाहीतर तो उन्हाळ्यातच द्यावा लागे.

गादीचा वाद आणि कोल्हापूर

इ.स. १७०७ मध्ये औरंगजेबाचा मृत्यू झाला आणि मोगलांनी शाहूंची सुटका केली. खेडच्या लढाईनंतर शाहूंनी सातारा घेऊन जानेवारी १७०८ मध्ये राज्याभिषेक करविला. धनाजी जाधव आणि इतर अनेक सरदार त्यांच्याकडे गेले. रामचंद्रपंत मात्र ताराबाईंच्या पक्षात राहिले. ताराबाईंनी पन्हाळ्यास आपली राजधानी केली आणि सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्यांचा आरंभ झाला.

इ.स. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर सत्तांतर झाले. राजाराम महाराजांच्या पत्नी राजसबाई यांचे पुत्र संभाजी हे गादीवर आले, आणि ताराबाई व त्यांचे पुत्र शिवाजी यांना कैदेत ठेवण्यात आले. या घडामोडीत रामचंद्रपंतांचा सहभाग होता असे इतिहासकार मानतात. ज्या ताराबाईंबरोबर त्यांनी मोगलांशी झुंज दिली होती, त्यांच्याच विरुद्ध ते गेले, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींनी ती राज्यहितासाठी केलेली तडजोड मानली आहे, तर काहींनी दरबारातील सत्तास्पर्धेचा भाग. या घटनेनंतर कोल्हापूरच्या गादीचा कारभार रामचंद्रपंतांच्या सल्ल्याने चालू लागला.

आज्ञापत्र

नोव्हेंबर १७१५ मध्ये, वयाची पासष्ट वर्षे झालेली असताना, रामचंद्रपंतांनी तरुण छत्रपती संभाजी यांच्या नावाने आज्ञापत्र सिद्ध केले. आरंभी स्वराज्याच्या उभारणीचा आणि मोगलांशी झालेल्या युद्धाचा इतिहास आहे. त्यानंतर राजधर्म, प्रधान, सावकार, वतनदार, वृत्ती, दुर्ग आणि आरमार अशी प्रकरणे येतात. दुर्ग आणि आरमार या प्रकरणांत प्रत्यक्ष व्यवहारातील सूचना इतक्या बारकाईने दिल्या आहेत की त्यांवरून सतराव्या शतकातील मराठ्यांच्या शस्त्रसामग्रीची व्यवस्था कशी होती याची कल्पना येते.

दारूखाना : दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर असावा. तो तळघरात बांधून गच करावा, आणि दारूची मडकी जमिनीवर न ठेवता लाकडी माचावर ठेवावीत. बाण आणि फेकण्याचे होके यांना ओल लागू नये. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन हा सर्व माल बाहेर काढवावा, त्यास ऊन द्यावे आणि पुन्हा आत ठेवून मोहोर करावी. दारूखान्यावर रात्रंदिवस पहारा असावा आणि परवानगीवाचून कोणासही आत जाऊ देऊ नये. या नियमांमागील कारण सह्याद्रीच्या हवामानात आहे. घाटमाथ्यावर जूनपासून चार महिने अखंड पाऊस आणि धुके असते. सोऱ्यातील अशुद्ध क्षार हवेतील ओल शोषून घेतात, दारूचे गठ्ठे होतात आणि ती नीट पेट घेत नाही. असा साठा मोजणीत पुरा दिसतो, पण वेढ्याच्या दिवशी निरुपयोगी ठरतो. म्हणूनच हिशेबाच्या वहीवर न थांबता अंमलदाराने प्रत्यक्ष माल पाहावा असा ग्रंथाचा आग्रह आहे.

तोफा : प्रत्येक बुरुजाच्या आणि माऱ्याच्या गरजेप्रमाणे लहानमोठ्या तोफा ठेवाव्यात आणि त्यांचे गाडे मजबूत असावेत. पावसाळ्यात तोफांना तेल-मेण लावावे, त्यांचे काने मेणाने बुजवावेत आणि तोफा झाकून ठेवाव्यात. कान्यात पाणी शिरले की लोखंडी तोफ आतून गंजते आणि पुढे डागताना फुटण्याचा धोका राहतो. दारूगोळ्याबरोबर तटावर जागोजागी दगडांचे ढीग ठेवण्याचीही सूचना आहे. तटास भिडलेल्या शत्रूवर दगड टाकण्यास ना दारू लागते ना शिसे.

पाणी आणि धान्य : गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, आणि एका झऱ्यावर विसंबू नये. तोफांच्या धडाक्याने झरे आटतात, म्हणून पाण्याची जादा टाकी बांधून ठेवावीत असे ग्रंथकार सांगतात. धान्याच्या कोठारास आग, उंदीर, किडा-मुंगी आणि वाळवी यांपासून जपावे. गडाच्या माऱ्याच्या टप्प्यात दुसरा उंच डोंगर असू नये. असल्यास तो सुरुंग लावून कमी करावा किंवा स्वतःच्या ताब्यात घ्यावा.

माणसे आणि कारागीर : गडावर वैद्य, शस्त्रवैद्य आणि जखमा बांधणारे असावेत. लोहार, सुतार, पाथरवट, चांभार असे कारागीरही गडाच्या मानाने नेमलेले असावेत. हत्यार मोडले, गाड्याचे चाक गेले किंवा चामड्याचे सामान फाटले तर वेढ्याच्या काळात ते खालून आणता येत नाही. कारागिरांना त्यांचे काम नसेल तेव्हा गडाच्या इतर कामास लावावे, म्हणजे त्यांचे वेतन वाया जात नाही, हा अमात्याला साजेसा विचार तेथे आहे. अंमलदारांच्या ठराविक वर्षांनी बदल्या कराव्यात, म्हणजे त्यांचे स्थानिक हितसंबंध निर्माण होत नाहीत, असेही सांगितले आहे.

टोपीकर : पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच या टोपीकरांना रामचंद्रपंत इतर सावकारांसारखे मानत नाहीत. त्यांच्या पाठीमागे त्यांचे राजे आहेत, आरमार, तोफा आणि दारूगोळा हे त्यांचे बळ आहे, आणि हाती आलेली जागा ते सोडत नाहीत, असे त्यांचे निरीक्षण आहे. त्यामुळे व्यापार करू द्यावा, पण समुद्रकिनारी किंवा खाडीजवळ जागा देऊ नये. वखारीस जागा द्यावीच लागली तर ती किनाऱ्यापासून दूर, सखल भागात द्यावी आणि तेथे पक्के बांधकाम होऊ देऊ नये. तोफा आणि शिसे ज्यांच्याकडून घ्यावे लागे त्यांच्याविषयीची ही सावधगिरी आहे. प्लासीची लढाई याच्या चार दशकांनंतर झाली.

आरमार : आरमारासाठी महालांचे उत्पन्न आधीच नेमून द्यावे. खर्चाची तरतूद नसेल तर खलाशी व्यापाऱ्यांना लुटू लागतात आणि बंदरे ओस पडतात. गलबते तोफा, बंदुका आणि दारूगोळा यांनी नेहमी सज्ज असावीत. सागवानासारखे लाकूड परवानगीने तोडावे आणि कमी पडल्यास विकत आणावे. आंबा आणि फणस यांची लाकडे उपयोगी असली तरी त्यांना हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर मालकास राजी करून आणि किंमत देऊन ते घ्यावे, बळजोरी करू नये. लोकप्रिय लेखनात हा मजकूर अनेकदा शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून सांगितला जातो, परंतु तो आज्ञापत्रातील आहे.

वतन आणि वृत्ती : वतनदारांना ग्रंथकार राज्याचे वाटेकरी मानतात. त्यांना आहे तितक्यावर ठेवावे, बळ वाढू देऊ नये आणि नवीन वतने निर्माण करू नयेत, असे ते सांगतात. चाकरीच्या मोबदल्यात जमीन तोडून देत गेल्यास राज्यच क्षीण होते, म्हणून सेवकास वेतन व बक्षीस द्यावे, भूमी देऊ नये, असे त्यांचे मत आहे. ज्या कारभाराने युद्धकाळात फौजा उभ्या करण्यासाठी वतने आणि सरंजाम दिले, त्याच कारभाराच्या प्रमुखाने हा इशारा दिला आहे. त्यामुळे आज्ञापत्राचा हा भाग युद्धकाळातील उपायाची स्वतः दिलेली चिकित्सा म्हणूनही वाचला जातो.

मृत्यू आणि वंशज

आज्ञापत्र लिहिल्यानंतर थोड्याच महिन्यांत, इ.स. १७१६ मध्ये, पन्हाळ्यावर रामचंद्रपंतांचे निधन झाले. पन्हाळ्यावर त्यांची समाधी आहे. त्यांच्यामागे अमात्यपद त्यांचे पुत्र भगवंतराव यांच्याकडे गेले. इ.स. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर या दोन राज्यांच्या सीमा ठरल्या. बावड्याची जहागीर कोल्हापूर संस्थानातील प्रमुख जहागिरींपैकी एक म्हणून पंत अमात्य घराण्याकडे राहिली. कोल्हापूर संस्थान इ.स. १९४९ मध्ये तत्कालीन मुंबई राज्यात विलीन झाले.

मूल्यमापन आणि वारसा

रामचंद्रपंतांची ख्याती रणांगणावरील सेनानी म्हणून नसून राज्य टिकवणारा कारभारी म्हणून आहे. संताजी आणि धनाजी यांच्या विजयांमागे गड, साठे, नेमणुका आणि पत्रव्यवहार यांची जी यंत्रणा होती, तिच्या केंद्रस्थानी ते होते. त्यांच्यावरील टीका मुख्यतः दोन मुद्द्यांवर आहे : वतने वाटण्याच्या पद्धतीला मिळालेली मोकळीक आणि इ.स. १७१४ च्या सत्तांतरातील भूमिका.

अठराव्या शतकात मराठा सत्ता ज्या सरंजामी पद्धतीने वाढली, तिच्यात शस्त्रे, घोडे आणि माणसे सरदारांच्या हाती राहिली. सरदारांमध्ये फूट पडली की फौजाही विभागल्या जात. वतनांविषयीचा आज्ञापत्रातील इशारा या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो, परंतु पुढील राज्यकर्त्यांनी तो अमलात आणला नाही.

गडांची जी व्यवस्था त्यांनी नियमबद्ध केली होती, तिचा शेवट कोल्हापूर संस्थानातच इ.स. १८४४ मध्ये झाला. गडांच्या राखणीबद्दल पिढ्यान्‌पिढ्या जमिनी उपभोगणाऱ्या गडकऱ्यांनी सामानगड आणि भुदरगड येथून उठाव केला. तो पन्हाळ्यापर्यंत पसरला. इंग्रजांनी उठाव मोडून पन्हाळा, पावनगड आणि विशाळगड यांची तटबंदी पाडली. पन्हाळ्यावरील अंबारखान्याच्या गंगा, यमुना आणि सरस्वती या तीन कोठ्या मात्र आजही उभ्या आहेत. कोल्हापूरहून सुमारे २० किलोमीटरवरील या गडावर रामचंद्रपंतांची समाधी आणि त्यांच्या लेखनातील साठ्यांच्या व्यवस्थेचा हा प्रत्यक्ष अवशेष एकाच फेरीत पाहता येतो. ज्या गादीसाठी आज्ञापत्र लिहिले गेले, तिच्या छत्रपतींची नावे शहरातील शाहूपुरी आणि राजारामपुरी या वसाहतींना मिळाली आहेत.

आज्ञापत्राच्या अनेक छापील आवृत्त्या निघाल्या असून त्याचा इंग्रजी अनुवादही झाला आहे. मराठ्यांची राजनीती, दुर्गव्यवस्था आणि जुने मराठी गद्य यांच्या अभ्यासासाठी हा ग्रंथ मूलभूत साधन मानला जातो.